सीलबंद डब्याचा निकाल

दर रविवारी नाश्ता आटोपला की त्या घरात फ्रीजचं कोर्ट भरायचं. त्यासाठी वेगळी जागा लागत नसे. स्वयंपाकघरातलं चौकोनी टेबल, त्याच्या चार खुर्च्या, आणि त्यांतली खिडकीकडची एक, जिच्यावर एरवीही दुसरं कुणी बसायची छाती करत नसे. आठवडाभरात ज्या ज्या वस्तूंबद्दल कुणाच्या मनात पाल चुकचुकली असेल, त्या सगळ्या टेबलावर ओळीने मांडल्या जायच्या. तळाशी चार चमचे उरलेला जॅम, कडेने सुकलेलं चीज, मागच्या कुठल्यातरी पाहुण्यांसाठी आणलेली आणि पाहुण्यांनी न खाल्लेली बिस्किटं. प्रत्येकीपुढे एक बशी, एक चमचा. मग खिडकीकडच्या खुर्चीवर न्यायमूर्ती स्थानापन्न होत, डोळे मिटत, वस्तू नाकाशी नेत आणि निकाल देत.

निकाल तीनच. ‘चालेल’ म्हणजे वस्तू सन्मानाने आपल्या फळीवर परत. ‘आजच्या आज’ म्हणजे शिक्षा वस्तूला नसून मुलाला. त्याने ती संध्याकाळपर्यंत संपवायची. आणि ‘बादली’ म्हणजे बादली. अपिलाची सोय नव्हती.

न्यायमूर्तींनी या कामासाठी हयात घालवली होती असं म्हटलं तरी चालेल. ते एका चहाच्या कंपनीत चहा चाखायच्या नोकरीला होते. पांढऱ्या फरशांच्या खोलीत लांबलचक ओट्यावर पांढरे पेले मांडलेले असत. हे एका टोकाकडून निघत, चमच्याने घोट उचलत, तो हवेसकट असा काही ओढत की भिंतीपलीकडचे हिशेबनीस बेरीज चुकत. मग घोट तोंडात घोळवायचा, पिंकदाणीत टाकायचा आणि एक शब्द उच्चारायचा. ‘गवताळ.’ ‘धुरकट.’ ‘सपाट.’ त्या एका शब्दावर अख्खं गोदाम भरे किंवा रिकामं होई. अशा माणसाला कंपनीने एक घड्याळ देऊन निवृत्त केलं. पण माणूस निवृत्त होतो, नाक होत नाही. ते बिचारं घरात बसून कामाची वाट पाहायला लागलं.

त्यांना ‘नाकेश्वर’ हे नाव बायकोने दिलं होतं. सुरुवातीला ते रागाने दिलं होतं, कारण लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी तिने केलेला चहा पिऊन त्यांनी ‘पाणी जरा जास्त उकळलंय’ असा अभिप्राय दिला होता. त्यानंतर पस्तीस वर्षं रोज दोनदा अभिप्राय येत राहिला. पत्ती ओल लागलेली आहे. दूध आधी पडलं. भांड्यात सकाळी दुसरं काहीतरी तापवलं होतं. तिने एकदा वैतागून भांडं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, मग तुम्हीच करा. त्यांनी केला. तो चहा उत्तम झाला आणि त्याला पाऊण तास लागला. तेव्हापासून चहा तीच करत होती आणि नाव तेवढं टिकून राहिलं. पुढे ते शेजारपाजारी पोचलं आणि त्यातला राग गळून पडला. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका तर ‘नाकेश्वर आहेत का घरी?’ असं दूध हातात घेऊनच विचारायच्या.

फ्रीजचं कोर्ट मात्र सून आल्यावर सुरू झालं, आणि ते सुरू झालं म्हणून घर टिकलं.

त्याचं असं झालं. बायकोच्या लेखी अन्न टाकणं म्हणजे घरातल्या माणसाला उंबऱ्याबाहेर काढणं. वाटीभर उरलं तरी ती त्यावर झाकण ठेवायची, आणि झाकण ठेवलेली वस्तू तिच्या मते अमर असायची. सून औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. तिच्या जगात तारीख म्हणजे तारीख. काल जी गोळी माणसाला बरं करत होती तिला आज हात लावायचा नाही, बाजूला काढायची, कंपनीला परत पाठवायची. तिने घरात आल्यावर पहिल्या रजेच्या दिवशी हौसेने फ्रीज साफ केला. संध्याकाळी सासूने बादलीतून एकोणीस वस्तू परत काढल्या, पुसल्या आणि जागच्या जागी लावल्या. कुणीच काही बोललं नाही. नाकेश्वरांना त्या न बोलण्याचा वास आला आणि तो त्यांना अजिबात आवडला नाही. जेवायला बसल्यावर त्यांनी जाहीर केलं, की यापुढे तारीखही बघायची नाही आणि मायाही बघायची नाही, मी सांगेन ते.

दोघींनी मान्य केलं. दोघींनाही वाटलं, निकाल आपल्या बाजूने लागतील. तसे ते लागतही. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. मुलगा विमा कंपनीत होता, तो ‘दोघींचंही बरोबर आहे’ असं म्हणून आपलं ‘आजच्या आज’ खात बसायचा. चार वर्षं कोर्ट सुरळीत चाललं. घरात शांतता होती आणि त्या शांततेचा खांब नाकेश्वरांच्या चेहऱ्याच्या बरोबर मधोमध उभा होता.

मग त्यांना सर्दी झाली. नेहमीसारखीच, काही विशेष नाही. आठवड्याने सर्दी गेली आणि जाताना नाक घेऊन गेली.

हे त्यांना सकाळच्या चहाने कळवलं. त्यांनी कप उचलला, सवयीने वाफ आत ओढली आणि आत काहीच आलं नाही. घोट घेतला. गरम, किंचित तुरट, बस्स. आयुष्यभर ज्या घरात दिवे लागलेले पाहिले त्या घराची वीज गेल्यासारखं ते कपाकडे बघत बसले. बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती. ती अभिप्रायाची वाट पाहत असणार हे त्यांना ठाऊक होतं. काहीतरी म्हणायला हवं म्हणून ते म्हणाले, “छान झालाय.”

ओट्याकडची पाठ क्षणभर थांबली. मग भांडी घासू लागली.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? वाटाड्याला दिसेनासं झालं तर तो रस्त्यात थांबून पाटी लावत नाही. शिवाय नाक परत येईल अशी आशा होती. ते चोरून साबण हुंगत, बुटाचं पॉलिश हुंगत, एकदा तर मुलाचे मोजेही हुंगून झाले. मोजेसुद्धा लागू पडले नाहीत, तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला. रविवार तोंडावर आला होता. खुर्ची त्यांची होती. पण नाकाशिवाय त्या खुर्चीवर बसणारा माणूस म्हणजे नुसते एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना खिडकीतलं ऊन आवडतं.

यावर त्यांनी जो मार्ग काढला तो त्यांच्यासारख्या माणसाला शोभणारा नव्हता, पण सोपा होता. रविवारी सगळ्यांच्या आधी उठायचं, हातात भिंग घ्यायचं, फ्रीज उघडायचा आणि त्याच्या पिवळ्या दिव्यात सगळ्या तारखा वाचून काढायच्या. उलटून गेली असेल तर बादली. उलटली नसेल तर चालेल. मग यथावकाश कोर्टात डोळे मिटून, वस्तू हुंगून, कपाळाला एखादी आठी घालून तेच सांगायचं. वरून चहाच्या खोलीतला एखादा शब्द भुरभुरवायचा. ‘मागे जरा पोत्याचा वास आहे.’ पोत्याला कोण नाही म्हणणार?

याचे दोन परिणाम झाले. पहिला म्हणजे सून त्यांची भक्त झाली. दुकानातल्या सहकाऱ्यांना ती सांगू लागली, की आमच्या बाबांचं नाक आणि कंपनीची तारीख यांत एका दिवसाचा फरक निघत नाही, मी चार आठवडे ताडून पाहिलंय. इतके दिवस ती या नाकाचा निवाडा निव्वळ घराच्या शांततेसाठी मानत होती. आता तिचा त्यावर विश्वास बसला. दुसरा परिणाम म्हणजे बादली भरू लागली. बंद पुड्यातली बिस्किटं, मध, लोणी, सूपाची पाकिटं, सगळ्यांना एकच शिक्षा. मुलाचं ‘आजच्या आज’ तर बंदच झालं आणि त्याचं वजन थोडं उतरलं. बायको मात्र काही बोलली नाही. रविवारी कोर्ट उठलं की बादली उचलायची आणि मागच्या दारी न्यायची, एवढंच. जी बाई वाटीभर आमटीसाठी आवाज चढवायची, ती मधाची अख्खी बाटली मुकाट्याने घेऊन जात होती. नाकेश्वरांना हे विचित्र वाटायला हवं होतं. पण चोराला मालकाची झोप कधी संशयास्पद वाटत नाही, बरीच वाटते.

असे दोन महिने गेले. या दोन महिन्यांत आणखी एक गोष्ट झाली होती, खरं तर आधीच झाली होती, ती आता दिसू लागली. सून पोटुशी होती, पाचवा महिना. आणि तिची तऱ्हा सासऱ्याच्या उलट. तिला सगळ्याचाच वास यायचा. ताजा पाव नासका वाटायचा, नळाच्या पाण्याला लोखंडाचा वास, नवऱ्याला ऑफिसचा वास. त्यामुळे वासाच्या बाबतीत तिची साक्ष कोर्टाने आधीच बाद ठरवली होती. सासूची साक्ष तर मायेमुळे पहिल्यापासूनच बाद होती. उरलं एकच नाक.

सुनेला काही खावंसं वाटत नव्हतं. काय हवं विचारलं की ‘काही नको’. आणि एके दिवशी दुकानातून येऊन चपला काढता काढता ती म्हणाली, की लहानपणी शेजारच्या काकू एक थंड पुडिंग करायच्या, खाली बिस्किटांचा चुरा आणि वर क्रीम चीज, आज दिवसभर तेच आठवतंय. बस्स, एवढंच म्हणाली आणि झोपायला गेली. सासूने पिशवी उचलली. तीन दुकानं फिरून ती क्रीम चीजचा एक डबा घेऊन आली, शेवटचा, फळीच्या अगदी मागे राहिलेला. त्याच रात्री सुनेच्या उलट्यांनी पुन्हा उचल खाल्ली आणि पुडिंगचं नाव काढायची सोय राहिली नाही. डबा फ्रीजमध्ये वाट बघत बसला. सून बरी होऊन हिंडूफिरू लागली तोवर त्याची तारीख उलटून गेली होती.

त्या रविवारी पहाटे नाकेश्वरांनी भिंगातून ती तारीख वाचली. शुक्रवारची होती. म्हणजे बादली. त्यांनी फ्रीज लावला आणि त्यांना वाईट वाटलं, पण फार नाही. निकाल सोपा होता.

कोर्टात तो सोपा राहिला नाही.

सुनावणीला त्या दिवशी एकच वस्तू होती. बायकोने डबा टेबलाच्या मधोमध ठेवला, बशी ठेवली, चमचा ठेवला आणि हात पदराला पुसून बसली. ती पूर्वीसारखी अशिलाची बाजू मांडेल, सून तारीख वाचून दाखवेल आणि आपण मधे पडू, असं नाकेश्वरांनी धरलं होतं. पण सुनेने डबा उचललाच नाही. ती त्याच्याकडे बघत होती. भुकेलं माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघू नये असं ठरवून जसं बघतं तसं.

“तारीख परवाची आहे,” ती म्हणाली. “मला माहितेय. दुकानात कुणी विचारलं असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं.”

“मग?” मुलगा म्हणाला.

“मग काही नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी खावंसं वाटतंय.” ती सासऱ्याकडे वळली. “बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही चालेल म्हणालात तर मी खाईन.”

नाकेश्वरांनी बायकोकडे पाहिलं. तीन दुकानं हिंडलेली बाई खाली मान घालून टेबलावरचा एक न दिसणारा डाग नखाने खरवडत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघींना एकच निकाल हवा होता. एक शब्द उच्चारायचा, आणि सासू खूश, सून खूश, खुर्ची पक्की. नाक असतं तर त्यांनी तो कदाचित उच्चारलाही असता. पण त्यांना आत्ता आपल्या नाकाच्या जागी एक बंद दरवाजा जाणवत होता, आणि त्या दरवाजाच्या भरवशावर ही मुलगी दोन जिवांचं खाणं खायला निघाली होती. दोन महिने त्यांनी जे नाणं चालवलं होतं, ते आज कुणीतरी खरं सोनं म्हणून तारण ठेवायला मागत होतं.

त्यांनी डबा ओढला. वरचं झाकण काढलं. डोळे मिटले. वाकले. असा लांब श्वास घेतला की समोरच्या बशीतला चमचा थरथरला असावा. कपाळाला आठी आणली. आता नुसतं ‘बादली’ म्हणून भागणार नाही, दोघींचा हिरमोड होणार, तेव्हा निकालाला वजन हवं, म्हणून त्यांनी चहाच्या खोलीतले शब्द काढले.

“आंबलंय. वरून नाही कळत, पण आत आंबूस आहे. आणि मागे धातूचा वास. बादली.”

 त्यांना वाटलं, निराशा झाली असेल. त्यांनी डोळे उघडले. बायकोने चमचा उचलला आणि डब्यावर आपटला. टक्. पुन्हा आपटला. टक्.

डब्याच्या तोंडावर, काठापासून काठापर्यंत, पारदर्शक पापुद्रा ताणून चिकटवलेला होता. कंपनीने लावलेला, कुठेही न फाटलेला. त्याखाली क्रीम चीज पांढरंशुभ्र, गुपचूप बसलं होतं.

“हे उघडायचं राहिलं होतं,” बायको म्हणाली.

मुलाने तोंडाला हात लावला. सून डब्याकडे, मग सासऱ्याकडे, मग पुन्हा डब्याकडे बघत राहिली. चहाच्या खोलीत हिशेबनीसांची बेरीज चुकवणारे, एका शब्दावर गोदाम हलवणारे नाकेश्वर, झाकण हातात धरून बसले होते. सारवासारव करायला वाव होता. पापुद्र्यातूनही मुरलेल्या नाकाला कळतं, असं म्हणता आलं असतं. मुलाने तर मानही डोलावली असती. त्यांनी झाकण टेबलावर ठेवलं.

“मला वास येत नाही,” ते म्हणाले. “सर्दी झाली होती तेव्हापासून. काहीच नाही येत. मी सकाळी उठून तारखा वाचतो.”

एवढं बोलून त्यांना वाटलं, आता खुर्चीवरून उठावं. पण उठून जायचं कुठे, हे न सुचल्यामुळे ते बसूनच राहिले.

“माहितेय मला,” बायको म्हणाली.

आता दचकायची पाळी त्यांची होती. तिला केव्हापासून माहीत आहे, असं त्यांनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून. तुम्ही म्हणालात, चहा छान झालाय. पस्तीस वर्षांत जो माणूस नुसतं ‘हं’ म्हणाला नाही, तो म्हणतो छान. मला वाटलं, ताप आहे. दुसऱ्या दिवशी परत छान. तिसऱ्या दिवशी मी आदल्या दिवशीची पत्ती परत उकळून दिली.”

“आणि मी?”

“दोन कप प्यायलात.”

मुलाला हसू आवरेना. तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठला आणि नळापाशी पाठ करून बराच वेळ उभा राहिला. नाकेश्वरांना मात्र त्या उकळलेल्या पत्तीचं दुःख व्हायला हवं होतं ते झालं नाही. दोन महिने एकट्याने ओढलेलं ओझं कुणीतरी दुसऱ्या बाजूने उचलून धरलेलंच होतं, हे कळल्यावर माणूस आधी ओझ्याकडे बघतो, अपमानाकडे मग. त्यांनी एवढंच विचारलं, की मग बोलली का नाहीस. त्यावर तिने सांगितलं, की आधी वाटलं चार दिवस चहा शांतपणे पिऊ, पस्तीस वर्षांची रजा साचली होती. मग वाटलं, तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल.

सून मात्र हसली नव्हती. 

“बाबा, मी तुमच्या शब्दावर खाणार होते,” ती म्हणाली.

“म्हणून तर नाही म्हटलं.”

“पण तुम्हाला वास आला असता, आणि तो चांगला आला असता, तर?”

त्यांनी विचार केला. खरं सांगायची सवय नुकतीच लागली होती, ती इतक्यात मोडू नये असं त्यांना वाटलं. “तर चालेल म्हटलं असतं,” ते म्हणाले.

सुनेने डबा हातात घेतला आणि उलटा केला. तिचा राग तिच्या बोलण्यात आला नाही, दुकानातल्या आवाजात आला. गिऱ्हाइकाला ‘ही गोळी रिकाम्या पोटी नाही घ्यायची’ असं सांगायचा जो आवाज असतो त्यात. तिने सांगितलं, की तारखा दोन जातीच्या असतात. एक ‘या तारखेपर्यंत उत्तम’. ती चवीची तारीख. ती उलटली की बिस्किट जरा मऊ पडतं, माणूस मरत नाही. तिथे बघा, हुंगा, चाखा, तुमचं नाक, आईंची माया, काय हवं ते चालवा. दुसरी ‘या तारखेपर्यंतच वापरा’. ती जिवाची. ज्या जंतूंनी माणूस आजारी पडतो त्यातल्या बऱ्याच जणांना वास नसतो, चव नसते, रंग नसतो. ते दार वाजवून येत नाहीत. तिथे जगातलं सगळ्यात मोठं नाक आणि नसलेलं नाक यांची किंमत एकच. आणि तिच्यासारखीने, या दिवसांत, तर अशा डब्याच्या वाटेलाही जायचं नाही. डब्यावर दुसऱ्या जातीची तारीख होती.

“हे मला पाठ आहे,” ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा खाली आला. “तरी मी विचारलं. इतकं खावंसं वाटत होतं ना.”

“म्हणजे इतकी वर्षं,” नाकेश्वर हळूच म्हणाले, “मी या दुसऱ्या जातीच्या डब्यांनाही ‘चालेल’ म्हणत आलो, त्याचं काय?”

“त्याचं नशीब.”

“कुणाचं?”

“आपल्या सगळ्यांचं.”

मुलाने नळापाशी उभ्या उभ्या पोटावरून हात फिरवला. गेली चार वर्षं ‘आजच्या आज’ कोण खात होतं, हे त्याला आत्ता आठवलं.

डबा बादलीत गेला. सासूने तो स्वतः टाकला. टाकताना तोंड कडू केलं, पण टाकला. मग ती उभी राहिली आणि पदराशी चाळा करू लागली. नाकेश्वरांनी ओळखलं, हिच्याही पोटात काहीतरी आहे. जातीची गोष्ट निघालीच आहे तर, ती म्हणाली, जरा पलंगाखालची पेटी बघता का.

पेटी ओढून आणली. ती लग्नात आलेली पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात आजवर कांबळी होती. आता तिच्यात मध होता. बिस्किटं होती, जॅम होता, सूपाची पाकिटं, मोहरीची पेस्ट, डबाबंद मका. दोन महिन्यांत कोर्टाने ज्यांना ज्यांना बादलीची शिक्षा दिली होती त्यांतले, फ्रीजबाहेर टिकू शकणारे, सगळेच्या सगळे आरोपी तिथे सुखरूप होते. मागच्या दारी बादली जायची ती या वाटेने जायची.

“गुरुवारचं सूप यातलंच?” सुनेने विचारलं.

“हुंगून घेतलं होतं मी.”

“आणि माझ्या डब्यातली बिस्किटं?”

“तीही हुंगली होती.”

मुलाने सांगून टाकलं, की त्याला त्या बिस्किटांचा संशय आला होता, पण भूकही आली होती. त्याला गप्प बसवण्यात आलं.

सुनेने पेटीशेजारी जमिनीवर बसकण मारली. कसं बसावं हे पोट तिला सांगत होतं. सासूने पाठीमागे उशी दिली. आणि मग त्या घरात त्या दिवशी दुसऱ्यांदा कोर्ट भरलं, टेबलाशिवाय. सून एकेक वस्तू उचलायची, लेबल वाचायची, जात सांगायची. ‘उत्तम’वाली असली तर झाकण उघडून सासूकडे. सासू हुंगायची, बोटाला लावून चाखायची. माया आडवी येते की काय म्हणून सून तिच्याकडे रोखून बघायची. मध सुटला. बिस्किटं सुटली. एका जॅमला आत पांढरी लव आली होती; सासूने ती चमच्याने काढून टाकू म्हणून पाहिलं, पण सुनेच्या डोळ्याने ते चमच्याआधी पकडलं. डबाबंद मका तर हुंगायचाही नव्हता. त्याची तारीख ‘उत्तम’वालीच होती, पण डब्याचं बूड फुगलं होतं. सुनेने तो दोन बोटांनी उचलून नवऱ्याकडे दिला आणि उघडू नकोस, हलवू नकोस, पिशवीत गुंडाळून बाहेर नेऊन टाक, असं सांगितलं. विमा कंपनीतल्या माणसाने आयुष्यात एवढं जपून काही उचललं नसेल.

नाकेश्वर आपल्या खुर्चीवरून हे बघत होते. निवाडा होत होता आणि त्यांची गरज पडत नव्हती. त्यांना वाटलं होतं, हे बघवणार नाही. पण खिडकीतून ऊन येत होतं, दोन बायका जमिनीवर बसून एका मोहरीच्या बाटलीवरून हुज्जत घालत होत्या आणि भांडत नव्हत्या. हुज्जत वेगळी, भांडण वेगळं. चार वर्षं मधे बसलेल्या माणसाला तेवढा फरक नाकाशिवायही कळतो.

मोहरीपाशी गाडी अडली. सून म्हणाली जायला हवी, सासू म्हणाली राहायला हवी. दोघी एकदम थांबल्या आणि दोघींनी एकदमच खुर्चीकडे पाहिलं.

“मला काय विचारता?” ते म्हणाले. “माझ्याकडे नाक नाही.”

“नाक आहे माझ्याकडे,” बायको म्हणाली, “आणि तारीख आहे हिच्याकडे. तुम्ही निकाल द्या. कुणीतरी द्यायला नको का?”

त्यांनी बाटली मागून घेतली. लेबल भिंगाने वाचलं, या वेळी सगळ्यांसमोर. जात विचारली. ‘उत्तम’ची. रंग पाहिला. बायकोला पुन्हा हुंगायला लावलं आणि ती हुंगत असताना तिच्या नाकपुड्यांकडे नीट पाहिलं. हुंगताना माणूस किती प्रामाणिक आहे, हे ओळखायचा धंदा त्यांनी आयुष्यभर केला होता. मग ते खुर्चीत जरा मागे टेकले.

“आजच्या आज,” त्यांनी निकाल दिला.

दारातून आत येणाऱ्या मुलाने ते ऐकलं आणि तसाच परत बाहेर गेला. निमित्तही होतं, त्याला क्रीम चीज आणायला पिटाळलं होतंच. त्याने दुकानातून तीनदा फोन केला, कारण सुनेने आधी तारखेची जात विचारली, मग तारीख विचारली, मग दूध पाश्चराइज केलेलं आहे असं लिहिलंय का ते विचारलं. संध्याकाळी पुडिंग झालं. खालचा चुरा पेटीतल्या सुटलेल्या बिस्किटांचा होता. सुनेने दोन वाट्या खाल्ल्या, तिसरीकडे पाहिलं, आणि अर्ध्या तासाने तीही खाल्ली. उलटी झाली नाही. सासू तिच्या वाटीकडे अशी बघत होती की जणू ती वाटी तिनेच जन्माला घातली आहे.

पुढे सुनेने त्यांना नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार, रोज सकाळ-संध्याकाळ चार ठरावीक वास घेत जा, नाकाला तालीम द्या. तेव्हापासून बायको रोज लवंग, लिंबू, साबण आणि कॉफी अशा चार वाट्या त्यांच्यापुढे धरते आणि ते शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलासारखे प्रत्येकीपुढे मान हलवतात. चहाच्या माणसाला कॉफी हुंगावी लागते, याचंच त्यांना जास्त वाईट वाटतं. रविवारचं कोर्ट चालू आहे. आता ते तीन जणांचं आहे: एक वाचते, एक हुंगते, एक सांगतो. पलंगाखालच्या पेटीत पुन्हा कांबळी आहेत, असं बायकोचं म्हणणं आहे.

परवा सकाळी तिने चहा दिला आणि नेहमीसारखी ओट्याकडे वळली. त्यांनी कप उचलला, वाफ ओढली. काही नाही. घोट घेतला. गरम, किंचित तुरट. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल उभी करत होतं. त्यांनी बायकोच्या पाठीकडे पाहिलं. ती हळूहळू भांडी घासत होती, फार हळू; कान इकडे लावून घासतात तशी.

“पाणी जरा जास्त उकळलंय,” ते म्हणाले.

ती गर्रकन वळली. हाताला फेस तसाच. “वास आला?”

“नाही.”

“मग कशावरून म्हणता?”

“पस्तीस वर्षं उकळतंय. आजच नसेल उकळलं असं कसं होईल?”

 पातेल्यात उरलेला चहा तिने स्वतःच्या कपात ओतला, त्यांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसून प्यायला लागली. दोन घोट झाल्यावर तिने कपात डोकावून पाहिलं.

“उकळलंय खरं,” ती म्हणाली आणि समाधानाने तिसरा घोट घेतला.